जाग आल्यावर काय करायचं, हे यंत्राला कोण सांगणार?

लिनक्सवर चालणारा संगणक झोपेतून उठला, की आपल्याला हवी ती कामं त्याच्याकडून आपोआप कशी करून घ्यायची, हा आजचा विषय आहे. ऐकायला विषय लहान वाटतो. लॅपटॉपचं झाकण मिटलं, काही वेळाने उघडलं, काम पुढे सुरू. त्यात सांगण्यासारखं काय आहे? पण ज्यांनी लिनक्स रोज वापरलं आहे त्यांना माहीत आहे, की झाकण उघडल्यावर कधी टचपॅड मेलेला असतो, कधी मराठीची मांडणी जाऊन इंग्रजी अक्षरं उमटू लागतात, कधी दुसऱ्या संगणकावरची जोडलेली फोल्डरं हाक मारली तरी ओ देत नाहीत.

आणि काही वेळा याहून गंभीर घडतं. औषधाची आठवण करून देणारी घंटा तीन तास उशिरा वाजते. किंवा कुलूप लागण्याआधीच पडदा उजळतो आणि समोर बसलेल्याला आपली उघडी पत्रं दिसतात. म्हणून हा विषय फक्त हौशी लोकांचा नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. जागृती, स्वप्न, सुषुप्ती या अवस्था वर्गात फळ्यावर लिहिल्या. त्यामुळे यंत्राच्या झोपेकडे बघतानाही पहिला प्रश्न मनात आला तो जुनाच : झोपलेल्याला आपण झोपलो होतो हे कळतं कसं? या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, की पुढचे सगळे तांत्रिक उपाय सोपे होतात. तेव्हा आज त्याच वाटेने जाऊ.

यंत्राची झोप म्हणजे काय

संगणकाच्या झोपेचे नियम एका मानकात लिहिलेले आहेत. त्याचं नाव एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी 1996च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. त्यात झोपेच्या पायऱ्या आहेत. आपल्या कामाच्या तीन समजून घेऊ.

पहिली, हलकी डुलकी. प्रोसेसर रिकामा बसतो, उपकरणं शांत होतात, पण यंत्र तसं उंबरठ्यावरच असतं. नव्या लॅपटॉपांत बऱ्याचदा हीच झोप असते. दुसरी, गाढ झोप. प्रोसेसरची वीज बंद, बहुतेक उपकरणांची वीज बंद, फक्त रॅम म्हणजे कामाची स्मृती तेवढी थोड्या विजेवर जिवंत ठेवलेली. हिला ‘सस्पेंड’ म्हणतात. तिसरी, ‘हायबरनेट’. यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतात आणि वीज पूर्ण बंद करतात. बॅटरी काढून ठेवली तरी चालतं, कारण आठवणी डिस्कवर आहेत.

तिन्हींत एक गोष्ट समान आहे. चालू असलेले प्रोग्राम बंद केले जात नाहीत. त्यांना जागच्या जागी थांबवलं जातं. एखादा माणूस वाक्य बोलता बोलता मध्येच थिजला, चार तासांनी हलला आणि त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग बोलून मोकळा झाला, असं समजा. त्याच्या लेखी मध्ये काही घडलंच नाही. जग मात्र चार तास पुढे गेलेलं असतं. वाय-फाय तुटलेलं असतं, यूएसबीचा की-बोर्ड नव्याने जोडल्यासारखा समोर येतो, पलीकडच्या सर्व्हरने आपली वाट बघून जोडणी सोडून दिलेली असते.

झोप कळते कशी : दोन घड्याळं

आपल्याकडे यावर मोठा वाद झालेला आहे. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, मी सुखाने झोपलो, मला काही कळलं नाही. अद्वैती म्हणतात, हे स्मरण आहे. आणि स्मरण अनुभवाशिवाय होत नाही, म्हणजे झोपेतही कोणी साक्षी जागा होता. नैयायिक म्हणतात, तसं काही नाही, हे अनुमान आहे. उठल्यावर अंग हलकं वाटतं, वेळ पुढे गेलेली दिसते, मधलं काही आठवत नाही, यावरून माणूस ठरवतो की आपण झोपलो होतो.

माणसाबद्दल कोणाचं खरं, हा वाद आज मिटवायचा नाही. पण संगणकातला चालू प्रोग्राम मात्र नैयायिकांच्या बाजूचा आहे. त्याच्यापाशी साक्षी नाही. त्याला झोप कळायची तर दोनच वाटा : एक तर त्याने अनुमान करावं, नाहीतर कोणीतरी विश्वासाच्या माणसाने त्याला सांगावं. म्हणजे अनुमान आणि शब्द, ही दोन प्रमाणं.

अनुमानाची वाट आधी पाहू. लिनक्सच्या कर्नलमध्ये एकापेक्षा जास्त घड्याळं चालतात. भिंतीवरच्या घड्याळासारखं एक असतंच, तारीख-वेळ सांगणारं. ते सोडून आणखी दोन आहेत. एकाचं नाव ‘मोनोटॉनिक’. हे सतत पुढे जातं, मागे कधी येत नाही. पण यंत्र झोपलं की तेही थांबतं. दुसऱ्याचं नाव ‘बूटटाइम’. हे 2011 साली कर्नलच्या 2.6.39 या आवृत्तीत आलं. हे झोपेतला वेळही मोजतं. आता दुसऱ्यातून पहिलं वजा करा. जे उरेल तितका वेळ यंत्र सुरू केल्यापासून एकूण झोपलं. दर मिनिटाला ही वजाबाकी करणारा प्रोग्राम लिहिला आणि उत्तर अचानक वाढलेलं दिसलं, तर समजायचं की मध्ये झोप झाली. हे शुद्ध अनुमान झालं.

ही घड्याळं का महत्त्वाची, ते औषधाच्या उदाहरणाने बघू. समजा घरातल्या आजोबांनी सकाळी 10 वाजता गोळी घेतली. पुढची सहा तासांनी, म्हणजे दुपारी 4 वाजता. नातवाने प्रोग्राम लिहिला : सहा तास थांब, मग घंटा वाजव. दुपारी 1 वाजता कोणीतरी झाकण मिटलं आणि 4 वाजता उघडलं. घंटा कधी वाजेल? ‘थांब’ ही आज्ञा मोनोटॉनिक घड्याळावर चालते. त्या घड्याळाने 10 ते 1 एवढेच तीन तास मोजले. उरलेले तीन ते 4 पासून मोजील. घंटा संध्याकाळी 7 वाजता वाजेल. प्रोग्राममध्ये चूक नाही, त्याने सहा तास प्रामाणिकपणे मोजले. पण ते त्याच्या जागेपणाचे सहा तास होते, आजोबांचे नव्हेत.

उपाय असा, की ‘सहा तासांनी’ असं न सांगता ‘4 वाजता’ असं सांगायचं. लिनक्समध्ये बहुतेक ठिकाणी सेवा सांभाळणारी जी यंत्रणा आहे, सिस्टमडी, तिच्यात असे वेळापत्रकी टायमर लिहिता येतात. नेमकी वेळ झोपेत होऊन गेली असेल, तर यंत्र उठताच तो टायमर लागू होतो. आणि गोळी अगदीच चुकून चालणार नसेल, तर ‘यासाठी यंत्राला जागं कर’ अशीही एक ओळ टायमरमध्ये घालता येते. हार्डवेअरची साथ असेल तर यंत्र ठरल्या वेळी स्वतःच उठतं. अर्थात, औषधासारखी गोष्ट एकट्या लॅपटॉपवर सोडू नये, हे सांगायला तंत्रज्ञ लागत नाही.

कोणी विचारेल, मोनोटॉनिक घड्याळालाच झोपेचा वेळ मोजायला का लावत नाहीत? तोही प्रयत्न झाला. 2018 साली कर्नलच्या 4.17 आवृत्तीच्या तयारीत ही दोन घड्याळं एक करण्यात आली. मग असं झालं, की यंत्र उठल्यावर राखणदारी करणाऱ्या प्रोग्रामांना वाटू लागलं, समोरचा कितीतरी वेळ उत्तरच देत नाही, म्हणजे तो मेला. समोरचा मेला नव्हता, त्याच्याबरोबर सगळेच झोपले होते. कामं बिघडू लागली आणि तो बदल प्रसिद्धीआधीच मागे घेतला गेला. यातून एवढं कळतं, की दोन्ही प्रकारचा काळ लागतो. कोणत्या कामाला कोणता काळ हवा, हे ठरवणं माणसाचं काम आहे.

नळ उघडून बघणं की हाक ऐकणं

आता दुसरी वाट : कोणीतरी सांगणं. आपल्या छत्रपती संभाजीनगरात ही गोष्ट समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. पैठणचं जायकवाडी धरण, नाथसागर, एवढा जवळ. आणि नळाला पाणी मात्र आपण आठ-आठ दिवसांआड पाहिलेलं आहे. ज्या दिवशी पाणी यायचं त्या दिवशी घरातली बाई काय करते? दर दहा मिनिटांनी नळ उघडून बघत नाही. तसं केलं तर दिवसभर दुसरं काम व्हायचं नाही, आणि नेमकं मधल्या नऊ मिनिटांत पाणी येऊन गेलं तर तेही हुकायचं. गल्लीत पहिल्या घराला पाणी आलं, की हाक येते, पाणी आलं! मग ठरलेल्या क्रमाने सगळं सुरू होतं : मोटार लावायची, आधी पिण्याचं भरायचं, मग टाकी, मग पिंप.

संगणकातही दर मिनिटाला घड्याळांची वजाबाकी करत बसणं म्हणजे नळ उघडून बघणं झालं. त्यापेक्षा हाकेची सोय केलेली बरी. लिनक्समध्ये अशा हाकेच्या तीन सोयी आहेत. एकेक पाहू.

पहिली सोय : ठरलेलं फोल्डर

पूर्वी पीएम-युटिल्स नावाचा संच वापरात होता. त्यात एका फोल्डरमध्ये छोट्या आज्ञाफाइली ठेवायच्या. त्यांच्या नावाच्या सुरुवातीला आकडे असत. झोपताना त्या चढत्या क्रमाने चालत आणि उठताना उलट्या क्रमाने. आपण घरात आधी खिडक्या लावतो, मग दार. उघडताना आधी दार, मग खिडक्या. तसंच.

आता ते काम सिस्टमडी करते. ‘यूएसआर’ या फोल्डरच्या पोटात ‘लिब’, त्याच्या पोटात ‘सिस्टमडी’, त्याच्या पोटात ‘सिस्टम-स्लीप’ असं फोल्डर असतं. त्यात ठेवलेली प्रत्येक आज्ञाफाइल झोपेच्या आधी एकदा आणि जाग आल्यावर एकदा चालवली जाते. चालवताना तिला दोन शब्द दिले जातात. पहिला शब्द ‘प्री’ किंवा ‘पोस्ट’, म्हणजे झोपेआधी की नंतर. दुसरा शब्द झोपेचा प्रकार सांगतो, सस्पेंड की हायबरनेट वगैरे.

मग आपली फाइल अशी होते. पहिल्या ओळीत ही शेलची आज्ञाफाइल आहे अशी खूण. पुढे एकच अट : पहिला शब्द ‘पोस्ट’ असेल तर अमुक कर, नसेल तर काही करू नको. टचपॅड मरत असेल तर त्या ‘अमुक’च्या जागी दोन आज्ञा येतात, टचपॅडचा ड्रायव्हर कर्नलमधून काढ आणि पुन्हा घाल. दोन्हींसाठी ‘मॉडप्रोब’ हीच आज्ञा वापरतात. फाइल जतन केली, की तिला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका. ती नसेल तर फाइल गपचूप वगळली जाते आणि आपण तासभर ओळी तपासत बसतो.

या सोयीबद्दल तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, इथे क्रम नाही. फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकाच वेळी सुटतात. जुन्या सवयीने नावाआधी आकडे घातले तरी उपयोग नाही. क्रम हवा असेल तर ती कामं एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहायची.

दोन, या फाइली रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने चालतात. कुठून तरी उचललेली फाइल न वाचता इथे टाकली, तर प्रत्येक जागेपणी परक्याच्या हातात घराच्या किल्ल्या दिल्यासारखं होईल. आधी प्रत्येक ओळ वाचायची, मगच ठेवायची.

तीन, सगळ्या फाइली पूर्ण होईपर्यंत उठण्याची प्रक्रिया पुढे सरकत नाही. सिस्टमडीच्या माहितीपुस्तिकेतच म्हटलं आहे, की ही सोय घरगुती वापरापुरती आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर जुगाड. स्वतःच्या यंत्रापुरता जुगाड करायला हरकत नाही, पण लांबलचक काम इथे ठेवू नये. का, ते पुढच्या मुद्द्यात स्पष्ट होईल.

अन्योन्याश्रय : एकमेकांची वाट बघणारे

उठल्यावर घरातल्या दुसऱ्या संगणकावरचं फोल्डर जोडायचं आहे असं समजा. त्यासाठी नेटवर्क हवं. म्हणून कोणी वरच्या फोल्डरातल्या फाइलमध्ये लिहितो : नेटवर्क येईपर्यंत थांब, मग जोड. वाक्य सरळ आहे. पण यंत्र अडकतं.

कारण असं. बहुतेक ठिकाणी नेटवर्क सांभाळतो तो नेटवर्क-मॅनेजर. झोपेआधी तो जोडण्या बंद करतो आणि ‘जाग आली’ अशी हाक मिळाल्यावर पुन्हा सुरू करतो. ही हाक देतो लॉगइनडी नावाचा भाग. आणि लॉगइनडी हाक देतो ती झोपेचं काम पूर्ण झाल्यावर, म्हणजे त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली संपल्यावर. आता बघा, फाइल नेटवर्कची वाट बघते, नेटवर्क हाकेची वाट बघतं, हाक फाइल संपण्याची वाट बघते. न्यायशास्त्रात याला दोष म्हणून वेगळं नाव आहे. दोन गोष्टी एकमेकींवर टेकलेल्या असल्या तर तो अन्योन्याश्रय. तिसरी मध्ये आली तर चक्रक. आपलं हे चक्रक झालं.

यातून सुटायचं कसं? जाग येणं आणि नेटवर्क येणं या दोन वेगळ्या घटना आहेत, हे मान्य करायचं. उठलेला माणूस लगेच बोलण्याच्या मनःस्थितीत असतोच असं नाही, चहा व्हावा लागतो. नेटवर्कवर अवलंबून असलेलं काम जागेच्या हाकेला बांधू नका, नेटवर्कच्या हाकेला बांधा. नेटवर्क-मॅनेजरचंही स्वतःचं असंच एक फोल्डर असतं, ‘डिस्पॅचर’ नावाचं. जोडणी लागली की तो त्यातल्या फाइली चालवतो आणि त्यांना ‘अप’ असा शब्द देतो. तिथे ठेवलेली फाइल झोपेनंतरही चालेल, आणि राउटर बंद पडून पुन्हा लागला तरीही चालेल. लाइट गेल्यावर राउटर पडतो हे आपल्याला सांगायला नको. म्हणजे एकाच फाइलने दोन दुखणी बरी झाली.

दुसरी सोय : सेवा

दुसरी सोय म्हणजे सिस्टमडीची रीतसर सेवा लिहिणं. सेवेच्या फाइलमध्ये आपण सांगतो, ‘सस्पेंड-टार्गेट’ ज्या वेळी लागेल त्या वेळी मलाही बोलाव, आणि त्याच्यानंतर चालव. टार्गेट म्हणजे गाठायचा टप्पा.

इथे पुष्कळ जण गोंधळतात. ‘सस्पेंडनंतर’ म्हणजे झोपेनंतर, मग यंत्र झोपलेलं असताना ही सेवा चालणार कशी? खुलासा असा, की झोपेचा टप्पा ‘गाठला’ असं केव्हा म्हणतात, तर झोपवण्याचं काम पूर्ण झाल्यावर. आणि ते काम पूर्ण होतं यंत्र उठून परत आल्यावर. झोप झाली, असं आपणही उठल्यावरच म्हणतो, झोपेत नाही. तेव्हा ‘झोपेच्या टप्प्यानंतर’ याचा अर्थ ‘जाग आल्यावर’ असाच होतो.

या सोयीचा फायदा असा, की सेवेला वेळ लागला तरी ती जागेची हाक अडवत नाही. तिच्यात क्रम लिहिता येतो, ही आधी, ती नंतर. ती फसली तर कुठे फसली याची नोंद राहते. आणि रूटऐवजी एखाद्या साध्या वापरकर्त्याच्या नावानेही ती चालवता येते. सस्पेंड आणि हायबरनेट यांचे टप्पे वेगळे असतात, म्हणून दोन्ही वापरत असाल तर दोन्हींची नावं लिहायची.

तिसरी सोय : हाक स्वतः ऐकणं

तिसरी सोय प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. लॉगइनडी झोपेआधी आणि नंतर डी-बस या निरोपाच्या वाहिनीवर एकच निरोप देतो. त्याचं नाव साधारण ‘झोपेची तयारी’ असं आहे, आणि सोबत हो किंवा नाही. ‘हो’ म्हणजे आता झोपतोय. ‘नाही’ म्हणजे झोप संपली. कुठलाही प्रोग्राम हा निरोप ऐकू शकतो, त्याला रूटचे अधिकार लागत नाहीत.

ही सोय लागते कुठे, तर मराठी टंकलेखनाच्या दुखण्यात. आपल्यापैकी बरेच जण इन्स्क्रिप्ट मांडणी वापरतात. भारतीय मानक 13194, साल 1991, यात ती दिलेली आहे आणि लिनक्सबरोबर ती आयतीच येते. मोठ्या डेस्कटॉपांवर मांडणीची आठवण डेस्कटॉप स्वतः ठेवतो, तिथे सहसा अडचण नसते. पण जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रांवर हलकी खिडकी-व्यवस्था असते आणि मांडणी आज्ञा देऊन हाताने लावलेली असते. झोपेतून उठताना यूएसबी की-बोर्ड नव्याने ओळखला गेला, की यंत्राच्या लेखी तो नवा पाहुणा. जुन्या की-बोर्डला दिलेली सूचना त्याला लागू नाही. म्हणून मराठी लिहायला जावं आणि इंग्रजी उमटावं.

मग कोणी मांडणी लावण्याची आज्ञा पहिल्या सोयीच्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि काही होत नाही. कारण ती आज्ञा रूटच्या नावाने चालते, आणि कोणत्या पडद्यासमोर कोण बसलं आहे हे रूटला त्या क्षणी ठाऊक नसतं. की-बोर्डची मांडणी ही तुमच्या बैठकीची गोष्ट आहे, यंत्राची नव्हे. म्हणून तुमच्याच बैठकीत चालणारा एक छोटा प्रोग्राम ठेवायचा, त्याने तो निरोप ऐकायचा, आणि ‘नाही’ आलं की मांडणी पुन्हा लावायची. काम कोणतं, याइतकंच काम कोणाच्या नावाने, हेही ठरवावं लागतं.

जागेपणीचं काम, पण झोपण्याआधी

आता कुलपाचा प्रश्न. उठल्यावर पडदा कुलूपबंद हवा, ही अपेक्षा बरोबर आहे. म्हणून ‘उठल्यावर कुलूप लाव’ असं लिहिलं तर? जाग येणं आणि कुलूप लागणं यांच्यामध्ये क्षणभराचं अंतर राहतं. त्या क्षणात शेवटचं उघडं पान दिसतं. डॉक्टरांच्या टेबलावर रुग्णाचा अहवाल असेल, शिक्षकाच्या लॅपटॉपवर प्रश्नपत्रिका असेल, तर तो क्षण पुरेसा आहे. रात्री कडी लावून झोपतात, सकाळी उठून रात्रीची कडी लावत नाहीत. कुलूप ‘प्री’मध्येच लागलं पाहिजे.

यासाठी लॉगइनडीने थोडा अवकाश मागण्याची सोय केली आहे. प्रोग्राम आधीच सांगून ठेवतो, झोपण्याआधी मला थोडं थांब. ‘हो’ असा निरोप आला की तो पडदा कुलूपबंद करतो आणि मग म्हणतो, आता झोप. मूळ ठरवणुकीत जास्तीत जास्त 5 सेकंद थांबतात. तेवढ्यात काम झालं नाही तरी यंत्र झोपतंच.

याहून कडक मागणीही करता येते : आत्ता झोपूच नको. मोठा बॅकअप चालला आहे, व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण चालू आहे, मध्ये झोप नको. पंढरपुरात आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. देव झोपत नाही, चोवीस तास दर्शन चालू राहतं. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते आणि पलंग परत येतो. लिनक्समधली ‘सिस्टमडी-इनहिबिट’ ही आज्ञा म्हणजे पलंग काढून ठेवणंच. तिच्यापुढे आपलं काम लिहायचं. ते चालू असेपर्यंत झोप नाही, संपलं की बंदी आपोआप उठते.

तपासायचं कसं

शेवटी हाताने करून बघण्याचं. आधी आपली फाइल झोपेविना चालवून बघा, ‘पोस्ट’ आणि ‘सस्पेंड’ हे दोन शब्द स्वतः देऊन. मग खरी झोप. ‘आरटीसीवेक’ नावाची आज्ञा आहे. तिच्याकडून फक्त 60 सेकंदांनंतरचा गजर लावून घ्यायचा आणि झोपवायचं मात्र सिस्टमडीमार्फत, म्हणजे यंत्र झोपतं आणि मिनिटभराने स्वतः उठतं. झाकण उघडझाप करत बसायला नको. त्यानंतर ‘जर्नलसीटीएल’ने नोंदवही उघडा आणि आपलं काम कधी चाललं, काय म्हणालं ते वाचा.

आणि प्रत्येक काम असं लिहा, की दोनदा घडलं तरी बिघडू नये. झाकण पटकन मिटून उघडलं, लाइट आली-गेली, तर जागेची हाक लागोपाठ येते. ‘फोल्डर जोड’ असं न लिहिता ‘जोडलेलं नसेल तर जोड’ असं लिहिलं, की दुसऱ्यांदा काही बिघडत नाही.

मित्रहो, हे सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. नवं काम लिहायला बसाल तेव्हा चार प्रश्न स्वतःला विचारा. हे काम कोणत्या घटनेचं : जागेचं, नेटवर्कचं, की खरं म्हणजे झोपेआधीचं? ते कोणाच्या नावाने चालायचं? ते कोणाची वाट बघतंय, आणि त्याची वाट कोण बघतंय? वेळ मोजायची असेल तर यंत्राच्या जागेपणाची की माणसाच्या दिवसाची? या चारांची उत्तरं कागदावर लिहिली, की तीन सोयींपैकी कोणती घ्यायची ते बहुधा आपसूक ठरतं.

यंत्राला आपण झोपलो होतो हे ठाऊक नसतं. मधल्या वेळात घरात काय बदललं, हेही ठाऊक नसतं. ते सांगण्याची व्यवस्था जाग्या माणसाने, यंत्र जागं असतानाच करून ठेवायची असते. पुढच्या व्याख्यानात सिस्टमडीचे टायमर सविस्तर घेऊ. तोवर ज्यांच्या घरी औषधाची घंटा लॅपटॉपवर लावलेली आहे, त्यांनी ती कोणत्या घड्याळावर चालते एवढं आज रात्री तपासून घ्यावं.